पुण्यात बसून खाडीवर लक्ष: कांदळवनाचा उपग्रह-नकाशा करण्याची माझी रीत

पुण्यात समुद्र नाही. तरी गेली काही वर्षं माझ्या कोथरूडच्या घरातल्या संगणकावर सगळ्यात जास्त वेळ उघडी असते ती बाणकोटची खाडी. महाबळेश्वरात उगम पावलेली सावित्री जिथे समुद्राला मिळते ती. तिच्या दोन्ही काठांवरच्या कांदळवनातली, म्हणजे खारफुटीच्या रानातली, तिवरं वाढतायत की मरतायत, हे इथे बसून, उपग्रह-चित्रं आणि कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून, पाहता यावं म्हणून मी या कामात पडले.

माझा पहिला नकाशा साफ चुकला होता. लागोपाठच्या दोन वर्षांची उपग्रह-चित्रं ताडून पाहिली, तर खाडीकडेच्या झाडांची एक लांबच लांब पट्टी दुसऱ्या वर्षी गायब. तक्रारीचं पत्र लिहून तयार होतं. पाठवण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून ताम्हिणी घाटाने माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला गेले आणि जंगल जेट्टीने वेसवीला उतरले. तिथल्या होडीवाल्या काकांना मोबाइलवर दोन्ही चित्रं दाखवली. त्यांनी एकच प्रश्न केला: "ताई, ह्यातला पुनवेचा कुठला नि अष्टमीचा कुठला?"

मला सांगता येईना. घरी येऊन पंचांग काढलं. पहिलं चित्र सप्तमीचं, दुसरं पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीचं. चिप्पीची (हेही खारफुटीतलंच झाड) कोवळी रोपं जिथल्या तिथे होती. उपग्रह वरून गेला तेव्हा ती पाण्याखाली होती, इतकंच. म्हणून या लेखात कृत्रिम बुद्धिमत्तेपेक्षा भरती-ओहोटीला जास्त जागा दिली आहे. माझ्या अनुभवात किनाऱ्याचे नकाशे बहुतेक वेळा बिघडतात ते पाण्यामुळे आणि कच्च्या नमुन्यांमुळे. चित्रातला कुठला ठिपका कशाचा हे ठरवणाऱ्या मॉडेलचा नंबर त्यानंतर लागतो.

आधी खाडी एक, प्रश्न एक

'कोकण किनाऱ्याचं निरीक्षण' असा प्रकल्प हाती घेऊ नका. महाराष्ट्राला जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किलोमीटर किनारा आहे, आणि भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्यात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन धरलं आहे. एवढ्याचा नकाशा करायला सरकारी यंत्रणा आहेत. तुम्ही एक खाडी घ्या, आणि ती अशी घ्या की सकाळी पुण्याहून निघून रात्री परत येता येईल, किंवा एक मुक्काम पुरेल. प्रश्नही एकच धरा: गेल्या पाच-सहा वर्षांत या खाडीतलं कांदळवन कुठे वाढलं आणि कुठे कमी झालं?

चित्रं कुठून आणायची

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह या कामाला पुरतात आणि त्यांची चित्रं फुकट आहेत. पहिला २०१५ मध्ये गेला, दुसरा २०१७ मध्ये. दोन मिळून एका जागेवर साधारण दर पाच दिवसांनी येतात. निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त (इन्फ्रारेड) हे प्रकाशाचे पट्टे १० मीटरचे, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० बाय १० मीटर. सातबारा पाहिलेल्याला हे लगेच उमजेल: १०० चौरस मीटर म्हणजे बरोबर एक आर, जवळपास एक गुंठा. लघुतरंग अवरक्त पट्टे २० मीटरचे आहेत, तिथे एक ठिपका चार आरचा. गुंठ्याच्या आतलं काही या चित्रांत शोधू नका. चार झाडं तोडली तर दिसणार नाहीत, अर्धा एकर साफ केला तर दिसेल.

मागचा इतिहास हवा असेल तर अमेरिकेचे लँडसॅट उपग्रह आहेत. लँडसॅट-५ ची चित्रं १९८४ पासूनची मिळतात, पण ठिपका ३० मीटरचा, म्हणजे नऊ आरचा. अरुंद खाड्यांत तो काठाची झाडं आणि पाणी एकत्र कालवून टाकतो. लँडसॅट-७ चं एक यंत्र मे २००३ मध्ये बिघडलं, त्यामुळे त्यानंतरच्या त्याच्या चित्रांत रिकामे तिरपे पट्टे दिसतात. घाबरू नका, तुमच्या संगणकात दोष नाही.

ही चित्रं घरी उतरवून घ्यायची गरज नाही. गूगल अर्थ इंजिनवर अव्यावसायिक कामासाठी मोफत खातं काढता येतं, सगळी गणितं त्यांच्या संगणकांवर होतात आणि आपल्याकडे फक्त उत्तर येतं. नकाशा हाताळायला क्यूजीआयएस, तेही मोफत. साधा लॅपटॉप चालतो.

एक खाचखळगा मात्र आत्ताच सांगते. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० ची भर घालून ते द्यायला सुरुवात झाली. ही भर न काढता २०२१ आणि २०२३ ची तुलना केलीत तर अख्खी खाडी बदललेली दिसेल. अर्थ इंजिनवर 'हार्मनाइज्ड' असं नाव असलेला संच घ्या, त्यात हे सरळ करून ठेवलेलं असतं.

पंचांग उघडा

आता मुख्य गोष्ट. सेंटिनेल-२ आपल्या किनाऱ्यावरून जातो तो नेहमी सकाळी अकराच्या सुमारास. त्याची कक्षाच तशी आहे, रोजची वेळ ठरलेली. भरतीची वेळ मात्र रोज पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणातला जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि साधारण सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा.

हे दोन हिशेब शेजारी मांडले की घोळ कळतो. उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, दिवशी उपग्रह नेमका भरतीच्या माथ्यावर येतो. सगळ्यात मोठी भरती त्याला दिसते, पण उधाणाची ओहोटी, जेव्हा खाडी सगळ्यात जास्त उघडी पडते, ती कधीच दिसत नाही, कारण ती पहाटे सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आसपास असते. ओहोटीचं चित्र हवं तर ते भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या, दिवसांतच मिळणार. हिशेब केला तर शुद्ध आणि वद्य, दोन्ही पक्षांतल्या पंचमी ते नवमी या तिथी कामाच्या. त्यातही षष्ठी, सप्तमी आणि अष्टमी उत्तम.

चार महिन्यांत दर पाच दिवसांनी एक म्हणजे २४ चित्रं. पंधरापैकी पाच तिथी चालणार, म्हणजे हाती उरतील आठेक. कमी वाटतात, पण पुरतात. भरती आणि ओहोटीची २४ चित्रं एकत्र मिसळून सरासरी काढण्यापेक्षा सारख्या पाण्याची आठ चित्रं केव्हाही बरी.

पाऊणपटीचा नियम अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत आत जाल तशी भरती उशिरा पोचते. अचूक वेळ हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यातलं जवळचं बंदर पाहा. मी चित्रांच्या यादीत तारखेशेजारी तिथीचा रकाना ठेवते आणि गाळणी लावते. एवढं केल्यावर माझे अर्धे खोटे बदल नाहीसे झाले.

महिने आणि ढग

जून ते सप्टेंबर विसरा, ढगांपलीकडे काही दिसत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आकाश मोकळं असतं, पण सगळं कोकण हिरवं असतं आणि हिरव्यात हिरवं शोधायचं म्हणजे डोकेफोड. मी जानेवारी ते एप्रिल घेते. तोवर सडे (कातळाची पठारं) पिवळे पडलेले असतात, डोंगरउतारावरची पानझडी झाडं उघडी झालेली असतात, भातखाचरं रिकामी असतात आणि कांदळवन तेवढं हिरवं राहतं. उरलेसुरले ढग काढायला क्लाउड स्कोअर प्लस हा तयार थर वापरा.

पावसाळ्यातच लक्ष ठेवायचं असेल तर रडार हवा. सेंटिनेल-१ ढगांतून पाहतो. जुलै २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून गेलेला इस्रो आणि नासाचा निसार त्याहून लांब तरंगलांबीचा रडारही वापरतो, त्यामुळे पानांच्या आत, फांद्या-खोडांपर्यंत पोचतो. पहिल्या नकाशासाठी मात्र रडारच्या नादी लागू नका.

मॉडेलला काय खाऊ घालायचं

प्रत्येक ठिपक्यासाठी मी हे देते: निळा, हिरवा, लाल, जवळचा अवरक्त आणि दोन लघुतरंग अवरक्त, या पट्ट्यांची हंगामभराची मध्यका. शिवाय तीन निर्देशांक. एनडीव्हीआय हिरवेपणा सांगतो: अवरक्तातून लाल वजा करायचा आणि दोघांच्या बेरजेने भागायचं. एमएनडीडब्ल्यूआय पाणी सांगतो: त्यात हिरवा आणि लघुतरंग अवरक्त. तिसरा एमव्हीआय, खास कांदळवनासाठी काढलेला: अवरक्त वजा हिरवा, भागिले लघुतरंग वजा हिरवा. तिवराखालचा चिखल कायम ओला, आणि ओल लघुतरंग प्रकाश शोषून घेते; म्हणून भागाकाराचा खालचा आकडा लहान राहतो आणि उत्तर मोठं येतं. नारळीच्या वाडीत जमीन कोरडी, उत्तर लहान. आपल्याकडे कांदळवनाशी सगळ्यात जास्त गल्लत होते ती नारळ-पोफळीच्या वाड्यांची, कारण दोन्ही सखल जागी, दोन्ही बारमाही हिरवी. हा निर्देशांक तिथे उपयोगी पडतो.

आणखी एक थर मी स्वतः करते: नोव्हेंबरचा एनडीव्हीआय वजा एप्रिलचा. पानझडी रानात हा फरक मोठा, कांदळवनात नगण्य.

उंचीचा थरही द्या. आंबा-काजूच्या बागा उतारावर असतात, त्या त्यानेच बाजूला पडतात. पण कोपर्निकसचा ३० मीटरचा उंचीचा नकाशा झाडांचा माथा मोजतो, जमीन नव्हे. सात-आठ मीटर वाढलेलं तिवराचं बन त्यात सात-आठ मीटर उंचीवर दिसतं. 'पाच मीटरच्या वरचं सगळं वगळा' अशी अट घातलीत तर सगळ्यात जुनं आणि चांगलं बन तुम्हीच पुसून टाकाल. मी मर्यादा वीस मीटरला ठेवते.

नमुने चिखलातून आणायचे

यंत्राला शिकवायला नमुना-बिंदू लागतात: इथे कांदळवन, इथे वाडी, इथे पाणी, चिखल, खाजण, कोरडं रान, वस्ती. प्रत्येक प्रकाराचे शंभर ते दीडशे तरी. अर्धे गूगल अर्थच्या बारीक चित्रांवरून टिपता येतात, मात्र त्या चित्राची तारीख तुमच्या हंगामाशी जुळली पाहिजे. उरलेले पायांनी आणा. घरबसल्या टिपलेल्या माझ्या नमुन्यांत कांदळवनातल्याच मारांडीची झुडपं 'गवत' म्हणून गेली होती, आणि एक शेवाळलेलं डबकं चक्क 'कांदळवन' म्हणून.

जाताना झाडं ओळखायची तयारी करा. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीसारखी श्वसनमुळं वर आलेली असतात आणि पानाची खालची बाजू पांढुरकी असते. कांदळाला खोडापासून कमानीसारखी आधारमुळं सुटतात. चिप्पी पाण्याच्या अगदी कडेला, मुळं जाड आणि शंकूसारखी. तिची एक जात, पांढरी चिप्पी, २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष ठरली. गेवाचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फांद्या मोडत फिरू नका.

मोबाइलचं स्थान उघड्यावर चार-पाच मीटरने चुकतं, झाडांखाली जास्त. उपग्रहाचा ठिपकाही थोडा सरकलेला असतो. म्हणून बनाच्या काठावर बिंदू घेऊ नका, निदान वीस मीटर आत जा. जाता येत नसेल तर काठावरून आतल्या दिशेचा फोटो काढा, अंतराचा अंदाज लिहा आणि घरी बिंदू नकाशावर सरकवून ठेवा.

मॉडेल: साधं घ्या

रँडम फॉरेस्ट पुरे. २००१ मध्ये लिओ ब्रायमन यांनी मांडलेली ही पद्धत: शेकडो निर्णयवृक्ष (हो-नाही प्रश्नांची फांद्या फुटत जाणारी साखळी), प्रत्येकाला थोडे वेगळे नमुने आणि थोडे वेगळे थर, शेवटी बहुमत. अर्थ इंजिनमध्ये ती तयार मिळते. दोनशे झाडं सांगा, बाकीचे आकडे तसेच राहू द्या. मिनिटाभरात एका खाडीचा नकाशा समोर येतो.

यू-नेटसारखं खोल न्यूरल नेटवर्क हजारो रंगवलेले तुकडे मागतं, ते एकट्यादुकट्याचं काम नाही. मधला एक मार्ग नवा आहे: गूगल डीपमाइंडने २०२५ मध्ये दिलेले उपग्रह-एम्बेडिंग. दर १० मीटरच्या ठिपक्याला वर्षाचे ६४ आकडे, २०१७ पासूनचे. त्यांवर तेच रँडम फॉरेस्ट लावलं तर कमी नमुन्यांत नकाशा चांगला येतो. पण त्यात तिथी निवडता येत नाही; वर्षभराचं सगळं पाणी आत मुरलेलं असतं. मी तो पडताळ्यापुरता वापरते.

परीक्षा घेताना पेपर फोडू नका

नमुन्यांतले सत्तर टक्के शिकवायला, तीस टक्के परीक्षेला, असं सगळेच सांगतात. किनाऱ्यावर ते फसवं ठरतं. एकाच बनातले दहा बिंदू तुम्ही वीस-वीस पावलांवर घेतलेत, त्यातले सात शिकवायला आणि तीन परीक्षेला गेले, तर पेपर फुटल्यातच जमा. ९८ टक्के गुण मिळतील आणि शेजारच्या खाडीत मॉडेल तोंडावर आपटेल. खाडीचे एक-एक किलोमीटरचे चौकोन पाडा, काही चौकोन पूर्ण शिकवायला आणि काही पूर्ण परीक्षेला ठेवा. गुण उतरतील, पण खरे असतील.

दुसरी गफलत क्षेत्रफळाची. समजा नकाशा म्हणतो कांदळवन १०० हेक्टर, बाकी ९०० हेक्टर. दोन्हींत शंभर-शंभर बिंदू तपासले. कांदळवन म्हटलेल्यांपैकी ९० खरे निघाले, आणि 'बाकी' म्हटलेल्यांपैकी ५ प्रत्यक्षात कांदळवन. क्षेत्राच्या प्रमाणात धरली तर एकूण अचूकता साडेचौऱ्याण्णव टक्के, पाठ थोपटून घ्यावी अशी. आता क्षेत्र काढा: १०० चे ९० टक्के म्हणजे ९०, अधिक ९०० चे ५ टक्के म्हणजे ४५. खरा अंदाज १३५ हेक्टर. नुसते ठिपके मोजून १०० सांगितले असते तर ३५ हेक्टर गिळले असते. वर्तमानपत्राला किंवा सरकारी कचेरीला आकडा देताना हा दुरुस्त केलेला अंदाज द्या.

बदल शोधणं, आणि बदल कशाचा ते ओळखणं

दोन वर्षांचे दोन नकाशे एकमेकांतून वजा करू नका, दोन्हींच्या चुका त्यात जमा होतात. मी असं करते: आधी जिथे कांदळवन आहे ते ठिपके पक्के करते. मग प्रत्येक ठिपक्याची तुलना त्याच्याच मागच्या पाच उन्हाळ्यांशी. एनडीव्हीआय नेहमीच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी खाली, तोही लागोपाठ तीन वापरण्याजोग्या चित्रांत, आणि असे निदान पाच ठिपके एकमेकांना लागून, तरच तो इशारा मानते. एकट्या ठिपक्याच्या मागे धावाल तर ताम्हिणीचे खड्डे मोजत बसाल.

इशारा आल्यावर त्याचा आकार आणि चाल पाहा. तोड असेल तर कडा सरळ असतात आणि घट एका-दोन चित्रांत होते. भराव असेल तर हिरवं जाऊन लगेच कोरडी, उजळ माती दिसते, आणि पाण्याचा निर्देशांक उधाणाच्या चित्रातही वर येत नाही. (उधाणाची चित्रं फेकू नका, ती यासाठी लागतात.) रस्त्याखालची मोरी तुंबली असेल किंवा रस्त्याने पाणी अडलं असेल तर रस्त्याच्या एकाच बाजूचं बन दोन-तीन वर्षांत हळूहळू विटत जातं, आत भरती पोचत नाही, साचलेलं पाणी आटून क्षार वाढतो आणि झाडं उभीच वाळतात. हा प्रकार सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो, कारण कुणी कुऱ्हाड चालवलेली नसते. आणि मोरी मोकळी केली की बरेचदा उपायही होतो.

खोटे इशारेही असतात. पावसाळा सरता सरता तिवरांवर अळ्यांची धाड पडते. सागाची पानं खाणाऱ्याच पतंगाच्या या अळ्या. बनच्या बन पानाविना उभं राहतं आणि चित्रात मेल्यासारखं दिसतं. पुढे त्यालाच पालवी फुटते. शेजारची चिप्पी हिरवी आणि फक्त तिवर तपकिरी, असं दिसलं तर दोन महिने थांबा. रायगडात काम करत असाल तर ३ जून २०२० ची तारीखही लक्षात ठेवा: निसर्ग चक्रीवादळाने नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या केल्या. पाच उन्हाळ्यांच्या सरासरीत २०२१ चं साल आलं की त्या पट्ट्यातले आकडे हलतात.

वाढही जपून वाचा. खारबंदिस्तीचा बांध फुटला, दुरुस्ती झाली नाही, की खारं पाणी भातखाजणात शिरतं आणि काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात. नकाशावर हे 'कांदळवनात वाढ' म्हणून हिरवंगार दिसतं. ज्याचं भात गेलं त्याच्या लेखी ती नासाडी असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर न्यायालयाच्या परवानगीशिवाय कांदळवन तोडता येत नाही, जमीन खाजगी असली तरी. त्यामुळे अशा वाढीचा नकाशा सगळ्यांसमोर टाकण्याआधी मी गावात जाऊन विचारते की बांध कधी फुटला. वाढ दाखवते, पण कारणासह.

परत खाडीवर

प्रत्येक इशाऱ्याला जागेवर जाऊनच दुजोरा द्या. तोड किंवा भराव निघाला तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवा; तो २०१२ पासून याच कामासाठी आहे. पत्रात अक्षांश-रेखांश, गावाचं नाव, दोन तारखांची चित्रं आणि त्या दोन्ही दिवसांच्या तिथी द्या. तिथी यासाठी की 'ते भरतीचं पाणी असेल' हे उत्तर पहिल्या फटक्यात निकालात निघतं.

जाण्याचा दिवसही पंचांगातूनच काढा. सप्तमी-अष्टमीला ओहोटी अकरा ते सव्वाबाराच्या दरम्यान येते, म्हणजे पहाटे पाचला चांदणी चौक सोडला तर वेळेत पोचता येतं. सुटणारी चप्पल नको, घट्ट बांधायचे जुने बूट घ्या. कालवांच्या (खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांच्या) धारेने तळवा कापतो. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक लांब काठी, गावातलं कुणीतरी बरोबर. पाणी उतरत असताना आत शिरा, आणि ते वळलं की हातातला बिंदू अर्धा सोडून बाहेर या. तो पुढच्या भांगाला घेता येईल.